सहावा बोल्ट

अर्धी वाटी पाणी, असं निमिष फोनवर म्हणाला आणि मला आधी आठवला तो कुकर. सकाळी डाळीत पाणी घातलं होतं का नव्हतं? माणसाचं डोकं काय एकेक करतं बघा. नवरा बंगालच्या उपसागरात जहाजावर उभा राहून वाऱ्यात ओरडून सांगतोय, की गाडी दोन हजार शंभर मीटरवर असताना अलार्म वाजला, चाचणी थांबवली, वर ओढायला तीन तास लागले आणि डबा उघडला तर आत अर्धी वाटी पाणी. आणि मी इकडे कुपवाडच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या काचेच्या खोलीत, चहाचा कप धरून डाळीचा विचार करतेय. "आपला डबा?" मी विचारलं. "आपलाच. बाकीचे सगळे कोरडे ठणठणीत." मग नुसती खरखर. मग परत त्याचा आवाज, जरा खालच्या पट्टीतला. "अपूर्वा, पाच वाजता व्हिडिओवर मीटिंग आहे. झाकण कोणी बंद केलं त्याचं नाव पाहिजे त्यांना. अहवालात जाणार ते. त्या माणसाचा हात परत त्यांच्या कामाला लागायचा नाही, असं मोहिमेच्या मुख्य बाईंनी स्वच्छ सांगितलंय. सिद्धूच होता ना?" काचेपलीकडे सिद्धू लेथवर वाकलेला दिसत होता. नेमकी त्याच क्षणी त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं?

गाडी म्हणजे चाकांची गाडी नव्हे. जीपएवढं पिवळं धूड आहे ते. आत माणूस नाही. जाड केबलला बांधून समुद्रात सोडायचं आणि जहाजावर बसून चालवायचं; सहा हजार मीटर खाली जाऊन तिथली माती, तिथले जीव बघून यायचं. एका मोठ्या संशोधन संस्थेचं काम. त्यातला एक डबा आमचा. टायटॅनियमचा, दुधाच्या कॅनएवढा, वर सहा बोल्टांचं झाकण, झाकणाखाली रबराची रिंग. गाडीचा सगळा मेंदू त्या डब्यात; संस्थेची माणसं तो इथंच आत बसवून गेली, झाकण आम्ही बंद केलं. उसाच्या चरकाचे आणि पंपांचे सुटे भाग करत आलेल्या आमच्या कारखान्याला हे काम मिळालं तेव्हा सांगलीच्या पेपरात फोटो आला होता. गेली दोन वर्षं आमच्याकडे दुसरं काहीच होत नाही. तेव्हा 'त्यांच्या कामाला हात लावायचा नाही' याचा अर्थ सरळ होता. ज्याचं नाव पाच वाजता सांगणार, तो माणूस उद्यापासून कारखान्यात नसणार. आणि ते नाव सांगायचं होतं मी, कारण तपासणीच्या कागदावर खाली सही माझी.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. निमिष चारचौघांत सांगतो, हिचा स्वभाव वाया जाऊ नये म्हणून हिला क्वालिटीत बसवलं. लोक हसतात, मीही हसते, आणि घरी येताना याला नक्की काय म्हणायचं होतं यावर विश्रामबाग येईपर्यंत विचार करते. हा स्वभाव बाबांचा. बाबा मेढ्याला पाटबंधारे खात्यात होते. साताऱ्याला जायचं म्हणून आम्ही स्टँडवर पोचायचो, एसटी लागलेली असायची, आणि बाबा म्हणायचे, कुलूप ओढून बघितलं होतं का गं? मग ते परत. कुलूप तीनदा ओढायचे, मग मला ओढायला लावायचे, मग पोरीनं नीट ओढलं का या शंकेनं परत स्वतः. तोवर एसटी गेलेली. आई शेवटी त्यांच्याबरोबर कुठं जायचीच बंद झाली. मी मात्र त्यांचीच मुलगी. आमच्या भावंडांत कुणाला बाबांचं नाक मिळालं, कुणाला आवाज मिळाला. मला हे मिळालं. तर सकाळी साडेदहाला मी कॉम्प्युटरवर तपासणीचा कागद उघडला. सहा चौकोन, सहा खुणा, खाली माझी सही. बघा, मी स्वतःलाच म्हटलं, कागद चोख आहे. कागद चोख आहे म्हणजे लबाडी माणसात आहे.

आणि एकदा का असं ठरलं, की माणूस दिसायला लागतो. सिद्धू जतचा. एकोणीस वर्षं झाली त्याला इथं. आला तेव्हा धड मराठी बोलता येत नव्हतं. घरी कानडी, शेरडं-मेंढरं, टँकरच्या पाण्यासाठी रांगा. नानांनी त्याला हाताशी धरून फिटर केला. नाना म्हणजे माझे सासरे, गंगाधरपंत, कारखाना त्यांनीच काढलेला. आता तो सिद्धू मागच्या महिन्यात दोन दिवस रजेवर होता. 'गावाकडं टाकीचं काम हाय' म्हणाला. पण परत आला तेव्हा पायात नवे बूट. टाकीचं काम करून कुणी नवे बूट घालून येतं? हल्ली फोन आला की बाहेर पत्र्याच्या शेडखाली जाऊन बोलतो. पुण्यातली एक कंपनी असलेच डबे करायला बघतेय, हे मला माहीत आहे. आमचा डबा गळला तर फायदा कुणाचा? मला तळपायापासून गरम व्हायला लागलं. सतरा वर्षं या माणसाला दिवाळीचा फराळ माझ्या हातचा जातो. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात मी मिरजेला दवाखान्यात बसून होते. मनात पाल चुकचुकली म्हणतात ना, तसलं काही नव्हतं. भिंतभर पाली होत्या.

त्याला आत बोलावलं. तो हात पुसत आला आणि दारातच उभा राहिला. "सिद्धू, डब्यात पाणी आलंय." तो हात पुसतच राहिला. "अर्धी वाटी." तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला. घाबरला असता तर मला बरं वाटलं असतं. तो घाबरला नाही. एखाद्याला हिशोब सुटावा तसा तो जरा सैल झाला आणि लगेच त्यानं तोंड मिटून घेतलं. "झाकण तूच बसवलंस ना?" "व्हय. म्याच." "सगळे बोल्ट आवळलेस?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग भिंतीवरच्या नानांच्या जुन्या फोटोकडे. "वैनी, तुमी व्हता की तितं," म्हणाला. "मी होते ते मला माहीताय. मी विचारतेय ते सांग." "काय सांगू?" "पाच वाजता नाव द्यायचंय. तुला कळतंय का काय होईल ते?" "कळतंय," तो म्हणाला. "माजं द्या." आणि गेला. परत लेथवर वाकला. आता सांगा, निर्दोष माणूस असं 'माझं द्या' म्हणेल? जो माणूस असा पटकन मान पुढं करतो, त्याची दुसरीकडे सोय झालेली असते. पुण्याची ऑर्डर खिशात असणार. माझा अगदी जीव जळला.

पण संशयाचं एक आहे, तो एका जागी बसत नाही. दुपारी जेवायला घरी निघाले तर स्कूटरवर वेगळंच सुचलं. निमिषनं सिद्धूचं नाव इतक्या घाईनं का घेतलं? अजून वाऱ्यात उभा होता, अजून डबा पुसलासुद्धा नसेल, आणि 'सिद्धूच होता ना?' जहाजावर पोचल्यावर निमिषनं उगीच डबा उघडून बघितला असेल तर? त्याला दाखवायची हौस आहे. शास्त्रज्ञांसमोर, बघा आमचं काम, असं म्हणत झाकण काढलं असेल, परत लावताना रिंगेवर केस, कचरा काहीतरी अडकलं असेल. कर्मवीर चौकात सिग्नलला थांबले तोवर माझ्या मनात निमिष दोषी ठरून झाला होता, आणि हिरवा दिवा लागला तेव्हा त्याला मी माफही करत नव्हते. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, झोप लागली व्हय?" सतरा वर्षांच्या संसारातल्या माणसाबद्दल हे एवढं सगळं आपल्याला एका सिग्नलात सुचतं, याची मला लाज वाटली. लाज वाटून ते मनातून गेलं मात्र नाही.

घरी नाना जेवायचे थांबले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. अजून ताठ बसतात. जेवताना सोडून एरवी उजवा हात मांडीवर डाव्या हाताखाली दाबून ठेवतात. कंप दिसू नये म्हणून, पण कुणी तसं म्हणायचं नाही. "किती खाली गेली गाडी?" त्यांनी विचारलं. "दोन हजार शंभर," मी म्हटलं. खोटं नव्हतं. नानांनी मान डोलावली. "दोन किलोमीटर पाणी डोक्यावर. आणि आपलं झाकण." घास त्यांच्या हातात तसाच राहिला. "त्र्याहत्तर साली पहिला चरक केला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, शेवटचा बोल्ट मालकानं आवळून द्यायचा, म्हणजे माल माझा. तेव्हापासनं चुकलेलो नाही." हे मी हजार वेळा ऐकलंय. आमच्या कारखान्यात ही रीत आहे. नव्या कामाचा पहिला नग बाहेर पडताना एक बोल्ट मोकळा ठेवायचा, नारळ फोडायचा आणि तो शेवटचा बोल्ट नानांनी आवळायचा. नाना साधा पाना घेतात, डोळे मिटतात, आवळतात, आणि बोल्टावर दोन बोटं ठेवून म्हणतात, "बसला." सगळे टाळ्या वाजवतात. आणि नाना वळून गेले की सिद्धू मोजमापाचा पाना घेऊन येतो. ठरलेला ताण पडला की टक् वाजतो, तसला पाना. तो नानांचा बोल्ट सैल करतो आणि परत नीट आवळतो. कारण डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या सुमारापासून नानांच्या हातात जोर राहिलेला नाही, आणि हे आम्ही सगळे जाणतो, नाना सोडून. निमिषनंच ठरवलं होतं ते. "त्यांना कळता कामा नये," एवढंच म्हणाला होता. इतकी वर्षं कुणी तोंडातून ब्र काढला नाही. आमच्यासारख्या घरात प्रेम असंच करतात, पाठीमागून.

"तू जेवत का नाहीस?" नानांनी विचारलं. डाळ कुकरमध्ये करपली होती. पाणी खरंच कमी पडलं होतं. मी म्हटलं, "भूक नाही." आणि त्या करपलेल्या वासात, आमटीची वाटी नानांच्या पुढ्यात सरकवताना, मला एकदम कळलं की सकाळपासून मी एक गोष्ट ऐकतेय आणि विचारच करत नाही. अर्धी वाटी. डिसेंबरात ते लोक गाडी घेऊन कोयनेच्या पाण्यात आले होते, बामणोलीला. समुद्राआधी गोड्या पाण्यात बुडवून बघायला. तेव्हा गाडीत त्यांचा जुनाच डबा होता, आमचा अजून व्हायचा होता. मी मेढ्यावरनं गेले होते, बाबांचं बंद घर रस्त्यात लागलं तर उतरून कुलूपसुद्धा ओढून आले. लाँचवर मुख्य बाई होत्या, उंच, करड्या केसांच्या, उन्हानं रापलेल्या. मी त्यांना विचारलं होतं, एवढ्या खोल पाण्यात डबा गळणार नाही कशावरून? त्या हसल्या होत्या. म्हणाल्या, खोल पाण्याची भीती नको. खाली गेल्यावर पाणीच झाकण दाबून बसवतं. झाकण जरा सैल असेल तर ते गळतं वर, पहिल्या वीस-तीस मीटरांत, जिथं पाण्याला अजून जोर नसतो. आणि दोन किलोमीटरवर भोक पडलंच, तर डबा क्षणात भरून जातो. वाटीनं मोजायला पाणी उरतच नाही. म्हणजे हे पाणी वरचं होतं. लाटांतच शिरलं, तळाशी बसून राहिलं, आणि गाडीनं नाक खाली केल्यावर घरंगळून अलार्मच्या तारेला लागलं. म्हणजे रिंग ठीक, डबा ठीक, टायटॅनियम ठीक. एक बोल्ट सैल होता. अर्धी वाटी ऐकल्याबरोबर सिद्धूला हे कळलं होतं. मला चार तास लागले.

मी हात धुतले की नाही आठवत नाही. कारखान्यात आले, कपाटातली फाइल काढली, मूळ कागद काढला. सकाळी मी पाहिली ती काळी-पांढरी नक्कल. मूळ कागदावर पाच खुणा काळ्या पेनाच्या होत्या. सहावी निळी. त्या निळ्या रेघेकडे बघता बघता तो दिवस परत आला, आणि आला तो कानांतून. सिद्धू बोल्ट आवळताना कानडीत मोजतो, पुटपुटत. वंद, टक्. यरड, टक्. मूर, टक्. नाक, टक्. ऐद, टक्. मग नारळ, मग कॅमेरे. पाहुणे आले होते, बँकेचे साहेब, पेपरवाले, नानांचे जुने मित्र. नानांनी सहावा आवळला. "बसला." टाळ्या. पण त्या दिवशी नाना वळून गेलेच नाहीत. फोटोवाल्यांनी त्यांना डब्याशेजारीच उभं केलं, ते एकेकाला सगळं समजावत राहिले, हात डब्यावर ठेवून, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. सिद्धू पाना घेऊन पुढं आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी म्हटलं, थांब. आत्ता नको. यांच्यासमोर नको. तो थांबला. मग ट्रकवाला आला, त्याला उशीर होत होता, चलनावर सही करायला त्यानं मला स्वतःचं पेन दिलं, निळं. त्याच पेनानं मी सहाव्या चौकोनात खूण केली. आता करून घेते, मग सिद्धूला बोलावते, असं म्हणत. मग कुणीतरी पेढे पुढं केले. आर, म्हणजे सहा, ते मी ऐकलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची कुलुपं ओढत आले, आणि हे.

सिद्धू पत्र्याच्या शेडखाली डबा खात बसला होता, भाकरी आणि ठेचा. मी त्याच्यासमोर उभी राहिले. "तू मला सांगितलं का नाहीस?" तो उठायला लागला. "बस. सांग." "ट्रक गेल्यावर म्या आलो हुतो वैनी," तो म्हणाला. "तुमी पावन्यांत व्हता. मला वाटलं, तुमी त्या दुसऱ्या फिटरकडनं, येशराजकडनं करून घेतलं आसंल. कागदावर खूण बगितली, मग गप बसलो." "आणि आज? आज सकाळी?" "आज कसं बोलू? बोललो तर नानांचं बोल्ट आमी परत आवळतो, हे येतंय. मला पाना धरायला त्येनी शिकवलंय." "मग तुझी नोकरी?" तो भाकरीकडे बघत म्हणाला, "बगू. पुन्यास्नं इचारत्यात." म्हणजे ते खरं होतं. मला क्षणभर आनंद झाला, काय सांगू, संशय खरा ठरल्याचा आनंद. मग त्यानं पुढं म्हटलं, "म्या न्हाई म्हनलं हुतं त्येस्नी. बूट भावजीनं दिल्यात." बुटांबद्दल मी त्याला अक्षरानं विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे सकाळपासून बघत होते, ते त्यानं पाहिलं होतं.

पाचला पाच मिनिटं असताना नाना आले. रोज पाचचा चहा ते कारखान्यात घेतात, टोपी घालून, काठी टेकत. त्यांना कोण आणि काय सांगून थांबवणार? "निमिष दिसणार म्हणे," असं म्हणून ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सिद्धू मागं उभा राहिला. पडद्यावर निमिष आला, दाढी वाढलेली, डोळे तांबडे. नानांना बघून तो चमकला. त्याच्या शेजारी मुख्य बाई. त्या रागावल्या नव्हत्या; थकल्या होत्या. इंग्रजीत म्हणाल्या, उद्या गाडी परत खाली सोडायची की नाही हे मला आज ठरवायचंय, म्हणून मला फक्त खरं काय झालं ते आणि नाव हवंय. मी तोंड उघडायच्या आत मागनं सिद्धू म्हणाला, "माजी चूक हाय, सायेब. एक बोल्ट माज्याकडनं ऱ्हायला." निमिषनं सुटकेचा श्वास सोडलेला मला हजार मैलांवरून ऐकू आला. आणि खोटं कशाला बोलू, मीही सोडला. संपलं होतं सगळं. नानांना काही कळणार नव्हतं, निमिषला काही बोलावं लागणार नव्हतं, माझी सही शाबूत. सिद्धूनं नुसतं एकदा पायातल्या बुटांकडे पाहिलं. मला माझाच तिटकारा आला.

"नाही," मी म्हटलं. आणि इंग्रजीत सुरुवात केली, भरभर, नानांना कळू नये म्हणून. चूक फिटरची नाही, तपासणी करणाऱ्याची आहे, नाव अपूर्वा, सही माझी, शेवटचा बोल्ट परत आवळायचा राहिला, खूण मी काम न बघता केली. बाईंनी विचारलं, पण एकदा आवळलेला बोल्ट परत आवळायचा कशासाठी होता? पडद्यावर निमिष मान हलवत होता, नको, नको. मी अडखळले. तेवढ्यात नानांनी काठी फरशीवर टेकली. "मराठीत बोल," म्हणाले. "कारखाना आपला आहे. आम्हालाही कळू दे." मी त्यांच्याकडे बघून बोलू शकले नाही. टेबलाच्या कडेकडे बघत बोलले. शेवटचा बोल्ट आवळल्यावर आम्ही तो परत आवळतो, नाना. मोजून. तुम्ही गेल्यावर. त्या दिवशी तुम्ही तिथंच होतात, म्हणून मी सिद्धूला थांबवलं. मग विसरले. त्याचा काही दोष नाही.

जहाजावर कुठंतरी साखळी वाजत होती. बाई काय ते समजल्या असाव्यात, त्यांनी चष्मा काढला. नानांचा उजवा हात डाव्या हाताखालून सुटला होता आणि खुर्चीच्या दांडीवर थडथडत होता. त्यांनी तो झाकला नाही. ते माझ्याशी बोलले नाहीत, निमिषशी बोलले नाहीत. मान न वळवता मागं उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "कधीपासनं, सिद्धू?"

"डोळ्याचं आपरेशन झालं तवापासनं." सिद्धू म्हणाला. "अकरा वर्सं."

"दर वेळेला?"

सिद्धूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काहीच खुणावलं नाही.

"ह्या येळंला सोडून, नाना."